सतरा नंबरवरचं पाणी

कापगते भाऊंच्या तोंडून 'जवळपास' किंवा 'अंदाजे' हे शब्द मी आठ वर्षांत कधी ऐकले नाहीत. त्यांच्या क्वार्टरपासून आमचं क्वार्टर दोनशे बारा पावलांवर होतं, सार्वजनिक नळ एकोणचाळीस पावलांवर आणि किराण्याचं दुकान सहाशे चारवर. समोरचा माणूस बोलता बोलता "अंदाजे" म्हणाला, की ते मान थोडी तिरपी करून विचारत, "अंदाजे म्हंजे किती, बाबू?" पुष्कळांना याचा कंटाळा येई. मला येत नसे, कारण मीही आकड्यांतला माणूस. फरक इतकाच, की माझे आकडे एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जात आणि त्यांचे पायांतून वर येत.

भिलाईला पहिली भट्टी पेटून फार दिवस झाले नव्हते. सेक्टरांमधले रस्ते आखले जात होते, दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत विटकरी होत, आणि भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघे. मी बावीस वर्षांचा, गोंदियाकडून आलेला, मोजणीच्या ऑफिसात क्षेत्रफळं काढणारा कारकून. कापगते भाऊ तेव्हा पन्नाशीचे, भंडाऱ्याकडचे, मोजणीदार. शेतातलं माप साखळीनं घ्यायचं, वहीत उतरवायचं, आणि ती वही माझ्या टेबलावर आणून ठेवायची, हे त्यांचं काम. त्यांच्या वहीत खाडाखोड नसे. दर पानाच्या डोक्यावर महिना आणि तिथी, आणि पाणी दिसलं असेल तर ते कुठवर होतं याची नोंद.

साखळी म्हणजे शंभर कड्यांची, सहासष्ट फुटांची. ऑफिसच्या ओट्यावर त्यांनी बरोबर तेवढ्या अंतरावर पितळेचे दोन खिळे ठोकून घेतले होते. रोज सकाळी बाहेर पडण्याआधी ते त्या खिळ्यांमध्ये साखळी ताणून बघत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, कालच तर पाहिली ना?"

"काल पायली ते कालची साखळी होती," ते म्हणाले आणि तेलाच्या फडक्यानं कड्या पुसत राहिले.

त्यांच्या घरच्या बाईंना आम्ही वहिनी म्हणत असू. बुटक्या, गोऱ्या, आणि नवऱ्यापेक्षा तिप्पट बोलणाऱ्या. बाजाराला दोघं बरोबर निघत, पण वहिनी नेहमी चार पावलं मागे. मला वाटे, जुन्या वळणाची रीत असेल. एकदा वाटेत भेट झाली तेव्हा मी भाऊंना काही विचारायला तोंड उघडलं, तर वहिनींनी मागूनच हात हलवला.

"यायले आता काही इचारू नका, मोजून राहिले. मधात बोललं का परत घरून सुरू करतेत. मागच्या गुरवारी दोन खेपा झाल्या माह्यासंग."

भाऊ ओठ हलवत आमच्या समोरून निघून गेले. कोपऱ्यावर थांबले, मागे वळले, हसले आणि म्हणाले, "हां, बोला आता."

आमच्या मंडळाच्या गणपतीचा मांडव हा दुसरा प्रसंग. मराठी घरांचं मंडळ नवं होतं, उत्साह दांडगा. मांडव घातला तो रस्त्यावर थोडा पुढे आला. मंडळाचे चिटणीस पाठक होते. ते रायपूरचे, त्यांचे आजोबा तिकडे स्थायिक झालेले, आणि त्यांच्या मराठीत हिंदी सहज मिसळलेली असे. पाठक बांबूंना दोऱ्या बांधवून घेत होते, तेवढ्यात कापगते भाऊ आले, खिशातून टेप काढली आणि म्हणाले, "दीड फूट रस्त्यावर जाऊन राहिला."

"अहो, दहा दिवसांचा तर सवाल आहे, भाऊ!"

"दहा दिवस रस्ता कोनाचा?"

"गणपतीचा समजा ना."

"गनपतीनं मांगितला का? तुमी मांगून राहिले."

लोक हसले. पाठकही हसले, पण दोऱ्या सोडून मांडव मागे घ्यावा लागला, आणि ते त्यांच्या लक्षात राहिलं.

भाऊ कोहळी समाजाचे होते. तलाव बांधणं हे त्यांच्या घराण्याचं पिढ्यान्पिढ्यांचं काम. गावाकडच्या तलावाची पाळ आपल्या खापरपणज्यानं घातली असं ते सांगत, पण बढाई म्हणून नाही. स्वतःच्या वाट्याला मात्र गावात राहतं घरसुद्धा पूर्ण नव्हतं. थोरल्या भावाकडे एक खोली होती. निवृत्तीला तीन वर्षं उरली तेव्हा वहिनींच्या बोलण्यात हाच विषय येऊ लागला. क्वार्टर सोडावं लागणार. मग जायचं कुठे? जावेच्या चुलीवर?

त्याच सुमाराला आमच्या काही लोकांनी मिळून घरबांधणीची संस्था काढली. चिटणीस अर्थातच पाठक. कुरुदच्या वाटेवर एक मोठा तलाव होता, तिकडचे लोक त्याला सरई तरिया म्हणत. तरिया म्हणजे तलाव. गावच्या जुन्या गौंटियाच्या, म्हणजे तिकडच्या मालगुजाराच्या, नातवानं त्याच्या काठची जमीन आपली आहे असं सांगून संस्थेला द्यायचं कबूल केलं. छत्तीस प्लॉट निघणार होते. संस्थेनं मंजुरीसाठी अर्ज केला, पण त्याच जागेसाठी दुसरा अर्जही गेला होता. कुरुदचे गावकरी आणि जवळच्या क्वार्टरांतले काही लोक म्हणत होते, की काठ मोकळा राहावा, तिथे झाडं लावून सर्वांसाठी बगीचा करावा. आंघोळीचा घाट तिथे, गुरांचं पाणी तिथे, संध्याकाळी पोरं खेळणार तीही तिथेच. दोन्ही अर्ज दुर्गच्या जिल्हा कचेरीतल्या साहेबांसमोर होते. पाठक म्हणाले, "आपल्याजवळ पक्का नकाशा पाहिजे. बगीचावाल्यांजवळ काय आहे? फक्त सह्या."

नकाशा काढायचं काम भाऊंकडे आलं. ऑफिसचं नव्हे, संस्थेचं, रविवारचं. ते स्वतः सभासद होते, मीही होतो.

जेठ महिना होता. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला. तलावाचं पाणी पलीकडच्या पाळीशी जाऊन बसलं होतं, आणि अलीकडे भेगाळलेली, पांढरी, सपाट जमीन दूरवर पसरली होती. त्या कोरड्या जमिनीत एक जाड लाकडी खांब उभा होता, वरचं टोक कोरलेलं. आम्हाला वाटलं, जुन्या कशाचा तरी असेल. भाऊंनी साखळीचं एक टोक त्याच खांबाला अडकवलं, कारण आसपास दुसरं पक्कं काही नव्हतं. दुपारी त्याच्याच सावलीत, जेवढी होती तेवढीत, आम्ही डबे उघडले. मी वर पाहिल्याचं मला आठवत नाही. त्यांनी पाहिलं असावं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. मोजणी करणारे लोक सगळीकडे फाल्गुनापासून जेठापर्यंतच बाहेर पडतात. शेतं रिकामी असतात, चिखल नसतो, साखळी जमिनीवरून सरळ ओढता येते. त्यामुळे नकाशातले तलाव बहुतेक उन्हाळ्यातले असतात. जाणता मोजणीदार म्हणूनच पाण्याच्या रेषेशेजारी महिना लिहितो. भाऊ नेहमी लिहीत. त्या रविवारी वहीतही लिहिला. मग घरी बसून संस्थेसाठी त्यांनी सुरेख नकाशा उतरवला. पाणी निळ्या रेषेनं, प्लॉट तांबड्या रेषांनी. मी त्यावरून क्षेत्रफळं काढली, बेरीज दोनदा पडताळली. नकाशावर महिना नव्हता. ते माझ्याही लक्षात आलं नाही, किंवा येऊनही मी बोललो नाही. इतक्या वर्षांनंतर यातलं खरं कुठलं, ते मला ठरवता येत नाही.

प्लॉट वाटले गेले. माझा नऊ नंबर, वरच्या अंगाला. पाण्याकाठचा सतरा नंबर भाऊंना मिळाला, कारण नकाशाच्या कामाचं त्यांनी काही घेतलं नव्हतं आणि वहिनींना तोच हवा होता. वहिनी मला घेऊन जागेवर गेल्या, चार खुंट्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि दिशा दाखवू लागल्या. "इथं चूल. इथं तुळस. अन् इथं मी बसन, पान्याकडं तोंड करून. यायले काय, हे अंगन मोजत फिरतीन."

मग पाऊस आला, आणि त्या वर्षी चांगला झाला. आषाढ-श्रावणात तिकडे कोणी गेलं नाही. वाट चिखलाची, आणि भट्ट्यांवर काम वाढलेलं.

आमच्या गणपतीचं विसर्जन तोवर दुसऱ्या तलावात होत असे. त्या वर्षी पाठकांनी ठरवलं, की आपल्याच जागेवर न्यायचं. दुपारी चारला मिरवणूक निघाली. झांजा, गुलाल, पुढे पाठक, मूर्तीच्या पाटाला एका बाजूनं भाऊ आणि दुसऱ्या बाजूनं मी. वाट संपली आणि पाणी समोर आलं. खालची एकही खुंटी दिसत नव्हती. वरच्या अंगाच्या काही खुंट्या तेवढ्या गवतात उभ्या होत्या. बाकी सगळीकडे पाणी, आणि त्या पाण्यात, बराच आत, तो लाकडी खांब.

काठावर सुखरू नावाचा म्हातारा केवट, म्हणजे तिकडचा कोळी, जाळं विणत बसला होता. आम्ही थबकलेले बघून त्यानं विचारलं, "का होगे बाबू? काबर रुक गेव?"

पाठक म्हणाले, "यहां तो हमारी जमीन थी."

म्हातारा हसला. खांबाकडे बोट करून म्हणाला, "तरिया के बिहाव होय हे, बाबू. ओ खंभा ला देखव. बिहाव के बाद तरिया मालिक के नइ रहय, सबके हो जाथे."

आम्हा परक्यांना ते नवीन होतं, शहरात वाढलेल्या पाठकांनाही. तिकडे नवा तलाव खणला की त्याचं लग्न लावतात. मधोमध सरईच्या, म्हणजे सालवृक्षाच्या, लाकडाचा खांब रोवतात, गावजेवण घालतात, आणि त्या दिवशी मालक तलाव सगळ्यांना देऊन टाकतो. गौंटियाच्या नातवाला हे ठाऊक असणारच. त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं.

पाठ फिरवणं शक्य नव्हतं, गणपती हातात होता. आम्ही पाण्यात शिरलो. घोटा, गुडघा, मांडी. कमरेइतकं पाणी झालं तिथे भाऊ थांबले. मला वाटलं, मूर्ती ठेवायला योग्य जागा बघतायत. पण ते पायानं तळ चाचपत होते. डाव्या पायानं, मग उजव्या. मग म्हणाले, "इथंच ठेवू."

मूर्ती गेली. परत येताना मी विचारलं, "तिथंच का, भाऊ?"

"खुंटी लागली पायाले. सतरा नंबरची."

पाठकांनी ते ऐकलं आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! वास्तुशांत झाली तुमची, भाऊ!" सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. काठावर उभे राहून ते खांबाकडे बघत होते. खांबावर काळपट ओली खूण होती आणि पाणी तिच्याशी बरोबर टेकलं होतं. ती खूण जेठातही असणार, माणसाच्या डोक्याच्या वर. आम्ही तिच्याखाली बसून भाकरी खाल्ली होती.

त्यानंतरच्या रविवारी ते माझ्याकडे आले. बगलेत वही होती.

"खुंट्या चाचपून आलो. सुखरूची डोंगी घेतली होती. पान्याची रेघ नवी आहे. क्षेत्रफळ परत काढा."

मी काढलं. छत्तीसपैकी बावीस प्लॉट पाण्यात होते. मी पुन्हा काढलं, तरी बावीसच. मी म्हणालो, "भाऊ, पाठक म्हणतात भराव घालता येईल. चार-पाच फूट मुरूम टाकला की झालं."

"होते ना. तलाव अर्धा होते, घाट बुजते, अन् बावीस घरं होतेत." त्यांनी वही मिटली. मग जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं. "महिना लिवायचा राहिला, असं मले सांगता येते. सारेच मानतीन. पन राहिला नोहता, बाबू. लेखनी त्या जागेवर आली होती. सतरा नंबर मले तवाच दिसून राहिला होता. हात थांबला माहा."

माझा नऊ नंबर वरच्या अंगाला, कोरडा होता.

संस्थेची सभा पाठकांच्या व्हरांड्यात झाली. भाऊंनी नवी वही पुढे ठेवली. पाठक संतापले, पण आवाज चढवला नाही.

"कापगते, नकाशा तुमचाच ना? मग तीन महिन्यांत काय तलाव वाढला?"

"तलाव तेवढाच आहे. मीनं कमी मोजला."

"तुम्हाला कुणी विचारलंय का पण? साहेब पुढच्या आठवड्यात जागा बघायला येणार. पाणी पावसाचं आहे, उतरेल, एवढं सांगितलं की काम होतं. तुमचाही प्लॉट आहे त्यात!"

"आहे ना. सगळ्यात खोल तोच आहे."

"मग? वहिनींना विचारलंत?"

भाऊंनी वही उचलून बगलेत घेतली. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. वहिनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलत नव्हत्या. मी घरी गेलो तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमी तरी सांगा बाबू. सारं आयुष्य दुसऱ्याइची जमीन मोजली यायनं. एकदा आपल्यासाठी हात थांबला तं थांबला. कोनाले कळलं असतं?"

कळलं नसतं, हे खरं होतं. मी चहा संपवला आणि उठलो.

साहेब आले त्या दिवशी काठावर दोन्ही बाजूंची मिळून साठेक माणसं असतील. साठेक म्हणालो. भाऊ आत्ता हे ऐकत असते तर आकडा विचारला असता. साहेबांनी संस्थेचा नकाशा उघडला, समोरचं पाणी बघितलं आणि विचारलं, "ये किसने बनाया?" भाऊ पुढे झाले. नकाशा माझ्या पाठीवर पसरला, खिशातून तांबड्या शाईचं पेन काढलं, आणि निळ्या रेषेशेजारी लिहिलं. पाठीवर निबाचा दाब मला जाणवत होता. नंतर वाचलं. लिहिलं होतं: 'हे पाणी जेठातलं. तलाव भादव्यात मोजावा.' खाली सही, आणि त्या दिवशीची तिथी. मग त्यांनी त्याचा अर्थ हिंदीत सांगितला आणि म्हणाले, "गलती मेरी है साहब, तालाब की नहीं."

साहेबांनी सुखरूलाही बोलावून खांबाबद्दल विचारलं. निकाल काही महिन्यांनी लागला. काठ मोकळा राहिला, पुढे तिथे बगीचा झाला. भादव्यातल्या पाण्याच्या कडेनं हद्दीचे दगड बसवले गेले, आणि ते बसवायला साखळी धरून कोण होतं हे सांगायला नको. वरच्या चौदा प्लॉटांचं प्रकरण वेगळं चाललं आणि ते संस्थेला मिळाले. छत्तीस जणांत चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, तेव्हा भाऊंनी आपलं नाव यादीतून स्वतः खोडलं. "मीनं चुकवलं, मी रांगेत उभा नाय राहत," एवढंच म्हणाले. चिठ्ठी मला लागली. मी आज त्या घरात राहतो. माझ्या अंगणातून बगीच्याचा पहिला दगड दिसतो, बाहत्तर पावलांवर.

वहिनींचा अबोला किती दिवस टिकला मला माहीत नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं आणि त्या चार खुंट्यांपैकी दोन उघड्या पडल्या, तेव्हा त्या संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागल्या. पाण्याकडे तोंड करून, शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन. मी एकदा तिथून जात होतो तर हाक मारून म्हणाल्या, "या बाबू, बसा. सतरा नंबर आहे आमचा. सहा महिने पान्याचा, सहा महिने माहा."

भाऊ निवृत्त झाले आणि दोघं गावी गेली, भावाकडच्या त्या एका खोलीत. निरोपाच्या दिवशी त्यांनी ओट्यावरचे पितळी खिळे काढले नाहीत. नव्या मोजणीदाराला बोलावून दाखवले आणि त्याच्याकडून साखळी ताणून घेतली.

ते मला शेवटचे दिसले त्याला आता बरीच वर्षं झाली. विसर्जनाचाच दिवस होता. बगीच्यातली करंजाची झाडं मोठी झाली होती, पोरं घसरगुंडीवर ओरडत होती, आणि आता चार-पाच मंडळांचे गणपती त्या काठावर येत. गर्दीत एक वाळलेला, वाकलेला माणूस हद्दीच्या दगडाशी उकिडवा बसून पाण्याकडे बघत होता. मी ओळखलं ते ओठांवरून. ते हलत होते, म्हणून मी थांबून राहिलो. थांबले तसा पुढे गेलो.

"भाऊ, कधी आलात? घरी चला आधी."

"आता जातो, पाच वाजताची गाडी आहे. घरची म्हने, भादवा आहे, जाऊन पाहून या एकदा."

"वहिनी कशा आहेत?"

"गुडघे गेले तिचे. येतो म्हनत होती. मी म्हनलं, मी सांगतो ना तुले येऊन." त्यांनी खांबाकडे बघितलं. "सतरा नंबरवर पानी आहे का, इचारलं तिनं."

"आहे की."

"आहे म्हंजे किती, बाबू?"

मी खांबाकडे बघितलं. खूण ओली होती, पण पाणी तिला टेकलं नव्हतं. "चार बोटं कमी," मी म्हणालो.

त्यांनीही डोळे बारीक करून बघितलं आणि मान हलवली. "चार बोटं कमी. सांगतो." मग ते दगडाला हात लावून उठले, वहाणा घातल्या आणि फाटकाकडे निघाले, त्याच जुन्या चालीनं. मी मागून हाक मारणार होतो, पण मारली नाही, नाहीतर त्यांना दगडापासून पुन्हा सुरू करावं लागलं असतं. मी त्यांची पावलं मोजत उभा राहिलो. एका मंडळाची मिरवणूक आडवी आली आणि ते दिसेनासे झाले, तेव्हा माझी एकशे अठरा झाली होती. दगडापासून फाटक दोनशे सहा पावलांवर आहे. बाकीची त्यांनी मोजलीच असतील.